मेष्ट्रुंच्या गाडीचा आवाज

गाडीतला खडखडाट बंद करून द्या म्हणून माझ्याकडं लोक यायचे. दार वाजतंय, काच वाजते, गाणं नीट ऐकू येत नाही, काहीतरी करा. त्यावर तर माझं घर चाललं. पण काढलेला खडखडाट परत घालून दे म्हणून सबंध आयुष्यात एकच माणूस आला, आणि नेमकं तेच काम मला जमलं नाही. तो माणूस आता नाही. त्याची बायकोही नाही. दुकान मी भाच्याच्या हवाली केलंय आणि दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसतो. बसलं की हे आठवतं, आणि मग जेवलेलं अंगी लागत नाही.

म्हैसूरला आम्ही किती पिढ्यांचे, ते आमच्या घरात कुणालाच धड माहीत नाही. पणजोबा रंगारी, आजोबा कापडावर छापे मारणारे, वडील कापडाच्या दुकानात गुमास्ते, आणि मी मोटारींत गाण्याच्या पेट्या बसवणारा. घरात मराठी, दुकानात कानडी, आणि भांडताना दोन्ही. पुण्याकडचे नवे लोक म्हैसूरच्या विजयनगर वस्तीत राहायला आले तेव्हा आमचं बोलणं ऐकून हसायचे. आम्ही त्यांचं ऐकून घाबरायचो, इतकं ते छापील.

मेष्ट्रु आमच्यातलेच. कानडीत मास्तरला मेष्ट्रु म्हणतात. त्यांचं खरं नाव रेशनकार्डाबाहेर कुणी वापरल्याचं मी ऐकलं नाही. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मामी म्हणायचो. आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला लपवाछपवी करायला जागा उरणार नाही. मामींना ऐकू येत नव्हतं. घरात, शांततेत, अगदी कानाशी बोललं तरी नाही. पण मेष्ट्रुंची ती जुनाट गाडी खडखडत चालली की त्या खडखडाटात त्यांना ऐकू यायचं. नवराबायकोला एकमेकांशी बोलायला सगळ्या जगात ती एकच जागा होती, आणि ती मी बंद केली. मुद्दाम नव्हे. प्रेमानं केली, हौसेनं केली, पण केली मीच.

हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. मामी गर्विष्ठ आहेत एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. नमस्कार केला तर बघून न बघितल्यासारखं करतात, हळदीकुंकवाला आल्या तर भिंतीशी बसून नुसत्या हसतात, कुणी काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात. माझी आई म्हणायची, मास्तराची बायको, पण तोरा कलेक्टरच्या बायकोचा. मीही तेच धरून चाललो होतो.

मेष्ट्रु आमच्या शाळेत गणित शिकवायचे. अंगात बंद गळ्याचा कोट, पायांत कॅनव्हासचे बूट आणि खिशात खडू, शाळा सुटल्यावरसुद्धा. रस्त्यात भेटलात तर कसा आहेस म्हणून विचारायचे नाहीत. समोरच्या खांबाची सावली दाखवून 'किती अंश?' म्हणायचे. चुकलात तर तिथंच फुटपाथवर आकृती काढून समजावायचे. तुम्हाला आईनं दही आणायला पाठवलेलं असलं तरी सुटका नाही. वर्तुळ नुसत्या हातानं काढायचे. परकार हे आळशाचं हत्यार असं त्यांचं मत होतं, आणि शाळेच्या तपासनीसासमोरही त्यांनी ते ऐकवलं होतं.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. 'आयितु, पुढचं गणित.' आयितु म्हणजे झालं, संपलं. फळ्यावरचं उदाहरण सुटलं की हे. पोरगा नापास झाला की हे. सख्खा भाऊ गेला तेव्हा स्मशानातून परत येऊन दारात पाय धुतले आणि हेच म्हणाले. लोकांना वाटलं, माणूस आहे की धोंडा. त्या दिवशी त्यांच्या पायांवर पाणी मी ओतत होतो. धोतराचा सोगा त्यांना धरता येत नव्हता.

आता माझं आणि त्यांचं काय ते सांगतो. शाळेच्या शेवटच्या वर्षी गणितात मला साडेचौतीस मार्क पडले. पस्तीसला पास. दुसऱ्या कुणी अर्धा मार्क टाकून दिला असता, नाहीतर सरळ नापास केलं असतं. मेष्ट्रुंनी मला बाहेर नेलं, एका सायकलच्या चाकाला खडूची खूण केली आणि सांगितलं, शाळेपासून रेल्वे फाटकापर्यंत ही हातानं ढकलत ने, चाक किती वेळा फिरतं ते मोज आणि अंतर काढून आण. भर उन्हात मी ढकलत गेलो. दोनदा मोजणी चुकली, दोनदा मागं फिरलो. घामानं निथळत उत्तर सांगितलं. ते बरोबर होतं की चूक, त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. अर्धा मार्क वाढवला आणि म्हणाले, हा मी दिलेला नाही, तू आणलेला आहेस. त्या अर्ध्या मार्कावर मी पुढं वायरमनचं शिक्षण घेतलं आणि दुकान काढलं.

गाडी त्यांनी माझ्या शाळेच्या दिवसांतच घेतली होती. माझ्या जन्माआधीची विलायती गाडी, काळपट हिरवी. हुणसूरकडच्या एका तंबाखूच्या मळेवाल्यानं फार जुनी झाली म्हणून काढली, ती यांनी आणली. मास्तराच्या पगारात मोटार म्हणजे आधीच वेड, त्यात ती अशी वाजायची की मेष्ट्रु दोन क्रॉस, म्हणजे दोन आडव्या गल्ल्या, पलीकडं असतानाच आम्ही पोरं पुस्तकं उघडून बसायचो. चारी दारं वाजायची, खालचा पत्रा वाजायचा, सायलेन्सर तर जन्मात एकदाही बदलला नव्हता. मेस्त्रीकडं नेली तरी मेष्ट्रु स्वतः शेजारी उभे राहायचे आणि सारखं बजावायचे, चालण्यापुरतंच कर, काही आवळू नको. मेस्त्री मागून कपाळावर हात मारायचा.

चालवायचेही त्यांच्या पद्धतीनं. गाडी मागं म्हणून घ्यायचे नाहीत. एखादं घर चुकून मागं राहिलं तर तीन रस्त्यांचा वळसा घालून पुन्हा त्या दारात यायचे, पण रिव्हर्स नाही. वळायचं असलं की सबंध हात खांद्यापासून बाहेर, आणि वळून झाल्यावरही बराच वेळ बाहेरच. निवृत्त झाल्यावर त्यांनी विजयनगरात लहानसं घर बांधलं. शेजारी एक रिटायर्ड साहेब होते, त्यांनी एकदा सभ्यपणानं विचारलं, सायलेन्सर का बदलत नाही. मेष्ट्रुंनी त्यांना कॉफी पाजली आणि विचारलं, तुमची दुपारची झोप किती वाजता संपते? पाचला, ते म्हणाले. बरं, मग मी साडेपाचच्या आधी गाडी काढणार नाही. आणि शेवटपर्यंत काढली नाही. सायलेन्सर मात्र तोच.

म्हणजे साडेपाच ही त्यांची वेळ ठरली. रोज साडेपाचला दोघं निघायची, हुणसूरच्या रस्त्यानं इलवालपर्यंत जायची आणि दिवेलागणीला परत यायची. महिन्यातून एखादा रविवार बेट्टदपुरला. डोंगरावरच्या देवाला मेष्ट्रु पायऱ्या चढून जायचे, मामी खालूनच हात जोडायच्या. या फेऱ्यांत दोघांचं बोलणं अखंड. माझं दुकान त्याच रस्त्याला, त्यामुळं रोज बघायचो. मामी पुढच्या सीटवर, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि तोंडाची टकळी चालू. मेष्ट्रु रस्त्याकडं कमी आणि त्यांच्याकडं जास्त बघायचे. दोघं हसायची. दुकानातली पोरं म्हणायची, म्हाताऱ्याला आता कॉलेज आठवलंय. मीही हसलोय, खोटं कशाला सांगू.

असे एका सकाळी ते दुकानात आले. गाडीत गाण्याची पेटी बसवून हवी म्हणाले, कॅसेटची, आणि मागं दोन स्पीकर. मला इतका आनंद झाला की मी स्टूल पुसायला स्वतः उठलो. मी विचारलं, अचानक कसं काय मेष्ट्रु? म्हणाले, हिला गाणी ऐकायची आहेत. घरी रेडिओ असेल की, मी म्हणालो. घरी नको, गाडीत, असं म्हणून त्यांनी विषय तोडला. मग खडू काढून माझ्या बाकावर डॅशबोर्डाची आकृती काढली. पेटी इथं खाली टांगायची, डॅशबोर्डाला भोक पाडायचं नाही. स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर. दारांना हात लावायचा नाही. उठताना पुन्हा म्हणाले, "ऐक मरी, पेटी आणि स्पीकर. बाकी गाडी आहे तशी. सुम्ने काही करू नको."

मरी म्हणजे बाळ, आणि सुम्ने म्हणजे उगाच. हे मला त्यांनी इतकं स्पष्ट सांगितलं होतं. लहान पोराला कळेल असं सांगितलं होतं.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझ्या मनात तो अर्धा मार्क. इतक्या वर्षांनी गुरूनं काहीतरी मागितलं, आणि मी काय नुसती पेटी टांगून परत पाठवू? त्या डब्यात गाणं लावलं तर गाणं कुठलं आणि पत्रा कुठला कळायचं नाही. आणि मला वाटलं, दुरुस्तीला नको म्हणतात ते पैशापायी. पेन्शनीतला माणूस, मागायला संकोच वाटत असेल. आपण न सांगता करून टाकू, एक पैसा घ्यायचा नाही. गुरुदक्षिणा. माझ्या स्वतःवरच मी खूश झालो.

काम चार दिवस चाललं आणि माझ्या हातून त्याच्याइतकं नेकीचं काम दुसरं झालं नाही. या जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. नवी पेटी तशीच लावली तर लावल्याबरोबर धूर. म्हणून आधी ती सगळी जोडणी उलटी केली. पेटी पट्ट्यांवर खाली टांगली, कुठं भोक नाही. मागच्या जुन्या फळीला हात न लावता तिच्यावर दुसरी प्लायवूडची फळी करून स्पीकर बसवले. इथपर्यंत त्यांनी सांगितल्याप्रमाणं. इथं थांबायला हवं होतं. मी दारांचे आतले पुठ्ठे काढले आणि आत लोकरीचा जाड नमदा भरला. खाली पत्र्यावर डांबरी शीट अंथरलं. काचांना नवं रबर लावलं. सैल होतं ते सगळं आवळलं. आणि शेवटी, मेस्त्रीला सांगून सायलेन्सर बदलून घेतला. जुना त्याच दिवशी भंगारवाला घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी मामी एकट्याच दुकानात आल्या होत्या, चालत. उंचावर चढवलेल्या गाडीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मी म्हणालो, उद्या संध्याकाळी मिळेल मामी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरं बरं, कॉफी नको, आत्ताच घेऊन निघाले. मला राग आला. कॉफी विचारली कुणी होती? ते चार दिवस ती दोघं घरात कशी बसली असतील, हे आज माझ्या लक्षात येतं.

चौथ्या दिवशी साडेपाचला दोघं गाडी न्यायला आली. मी म्हणालो, मी पण येतो, आवाज ठीक बसलाय का बघायला हवं. खरं तर मला त्यांचे चेहरे बघायचे होते. मी मागं बसलो, स्पीकरजवळ. मेष्ट्रुंनी किल्ली फिरवली आणि इंजिन चालू झालंय हे त्यांना कळलंच नाही, त्यांनी पुन्हा फिरवली. मी मागून अभिमानानं म्हणालो, चालू आहे मेष्ट्रु. गाडी रस्त्याला लागली. देवघरात बसल्यासारखं शांत. थोड्या वेळानं त्यांनी मामींना काहीतरी म्हटलं, त्या दिवशीच्या कुठल्या तरी टपालाविषयी होतं. मामी म्हणाल्या, काय? त्यांनी पुन्हा सांगितलं. मामी त्यांच्या तोंडाकडं बघत पुन्हा म्हणाल्या, काय? तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्यानं बोलले की मी दचकलो. मामींनी मान खाली घातली आणि पदराशी चाळा करत बसल्या. मग मेष्ट्रुंनी हात पुढं करून पेटी लावली. गाणं सुरू झालं. काय सुरेख वाजत होतं ते! सतारीच्या तारेवरची नखी ऐकू येत होती. इलवालपर्यंत आणि परत, दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही, आणि मागं बसलेल्या मला वाटलं की ती माझ्या कामात रंगून गेली आहेत.

दुकानाशी उतरवताना मेष्ट्रुंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काम फार नीट केलंस, म्हणाले. शाळेत त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. घरी जाऊन मी आईला सांगितलं आणि त्या दिवशी आमच्याकडं शिरा झाला.

आठ दिवसांनी ते आले, तेही चालत. मला वाटलं पेढे आणले असतील. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मरी, गाडीचा आवाज परत घाल."

मी हसलो. थट्टाच वाटली मला. माझ्या सगळ्या वागण्यात ते हसणं मला सगळ्यांत जास्त खुपतं. ते रागावले नाहीत. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले. मग खालच्या आवाजात, वर्गात एखादी पायरी उलगडून सांगावी तसं, त्यांनी सगळं सांगितलं.

मुलगी झाली त्या बाळंतपणानंतर मामींचे कान हळूहळू जात राहिले. मुलगी आता लग्न होऊन दावणगेरेला होती. हे कुणाला कळू द्यायचं नाही अशी मामींनी शपथ घातली होती. बहिरी म्हणून कीव करतील त्यापेक्षा गर्विष्ठ म्हणून नावं ठेवोत. कानातलं यंत्र आणलं होतं, ते नुसतं शिट्ट्या मारायचं, म्हणून डब्यात पडून होतं. घरात बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडून मीठ मागितलं तरी ऐकणाऱ्याला वाटावं भांडण चाललंय. मामी त्यांना म्हणाल्या होत्या, तुम्ही ओरडता तेव्हा तुमचा चेहरा रागावल्यासारखा होतो आणि मला ऐकू येण्याआधी तोच दिसतो. तेव्हापासून त्यांनी घरात बोलणंच सोडलं. स्वयंपाकघरात एक पाटी टांगली. दूध आलं. कपडे आत घे. पत्र आलंय. पाटीवर मावेल तेवढाच संसार.

मग ही गाडी आली. पहिल्यांदाच बेट्टदपुरला निघाले होते. खडखडाट चाललेला, आणि मेष्ट्रु आपल्याशीच काहीतरी पुटपुटले, तर शेजारून मामींनी उत्तर दिलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, तेच पुन्हा विचारलं. उत्तर नाही. गाडी चालू करून विचारलं. उत्तर आलं. गणिताचे मास्तर ते, तीनदा पडताळून बघितलं. मग तिथंच रस्त्याच्या कडेला, गाडी चालू ठेवून, दोघं अर्धा तास बोलत बसली. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की एका जातीच्या बहिरेपणात असं असतं. गोंगाट त्या कानांना आड येत नाही, आणि गोंगाटात समोरचा माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, ओरडतोय असं न वाटता. तेव्हापासून मेष्ट्रु दिवसभर सांगायच्या गोष्टी गोळा करायचे. चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचे आणि साडेपाचला एकेक काढायचे. त्यांनी कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढून मला दाखवली. आठ दिवसांच्या गोष्टी होत्या तिच्यावर, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंना.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणालो, मेष्ट्रु, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं होतं की, बाकी काही करू नको म्हणून.

त्याच दिवशी दुकान बंद करून मी भंगारवाल्याकडं धावलो. त्याचा माल केव्हाच गेला होता. नमदा काढला, डांबरी शीट खरवडलं, रबरं उपटली. आवळलेलं सगळं सैल केलं. नव्या सायलेन्सरला भोकं पाडली. मेस्त्रीला वाटलं मला भूतबाधा झाली. पंधरा दिवस मी त्या गाडीशी झटलो आणि आवाज झालाही, चांगला मोठा झाला. मेष्ट्रु मामींना घेऊन एक फेरी मारून आले आणि मान हलवली. हा आवाज कर्कश होता, कानात घुसणारा, त्यात मामींना काहीच ऐकू येत नव्हतं. पहिला खडखडाट सगळ्या बाजूंनी मिळून येणारा होता, खालचा, घुमणारा, चाळीस वर्षांत एकेक खिळा सैल होत जमलेला. तसलं खिळखिळेपण कुठून विकत आणू? मी पुन्हा करतो म्हणालो. पुन्हा केलं. पुन्हा तेच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तिसऱ्यांदा मी पाना हातात घेतला तेव्हा मेष्ट्रुंनी तो काढून घेतला.

"आयितु," म्हणाले. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. किल्ली घेतली आणि गाडी घरी नेली.

त्यानंतर साडेपाचला ती गाडी रस्त्यावर दिसली नाही. शेडमध्ये ताडपत्री घालून ठेवली, असं ऐकलं. मी त्यांच्या क्रॉसवरून जायचं बंद केलं. बाजारात मेष्ट्रु लांबून दिसले तरी रस्ता बदलायचो. एकदा त्यांनी मला पाहिलं आणि खिशातला खडू काढून उंच धरला, सावली विचारायची म्हणून. मी न बघितल्यासारखं करून गल्लीत शिरलो. आता लोक मला गर्विष्ठ म्हणत असतील तर म्हणोत, असं वाटायचं.

चारपाच महिने गेले. हुणसूरला एका गिऱ्हाइकाच्या जीपचं काम होतं म्हणून मी दुपारची सरकारी बस धरली. बस जुनी, काचा आपटणारी, पत्रा थरथरणारी. पुढं जागा नव्हती म्हणून मागं गेलो, आणि शेवटच्या सीटवर, बरोबर चाकाच्या वर, ती दोघं बसलेली. मामींच्या डोक्यात अबोली. मेष्ट्रुंच्या हातात चिठ्ठी. मामी मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होत्या आणि ते मान मागं टाकून हसत होते. नंतर कंडक्टरनं मला सांगितलं, आठवड्यातून दोनदातीनदा येतात. हुणसूरपर्यंत जातात, स्टँडवर कॉफी घेतात आणि तीच बस परत धरतात. कोणाकडं जात नाहीत, काही घेत नाहीत. त्याच्या मते थोडी वेडी होती, पण निरुपद्रवी.

मी वळणारच होतो, तेवढ्यात मेष्ट्रुंनी हाक मारली आणि समोरच्या सीटवरची पिशवी उचलून मला जागा दिली. मी उलटा वळून त्यांच्याकडं तोंड करून बसलो. मामींनी माझ्याकडं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलल्या. "बोल की रे काहीतरी. आता ऐकू येतंय मला. बस थांबली की मग नाही."

माझ्याकडं बोलायला एकच गोष्ट होती आणि ती जिभेवर येईना. मी म्हणालो, ऊन फार आहे. मामी म्हणाल्या, होय की, यंदा फारच. मग त्यांनी आईची चौकशी केली, मुलांची केली, दुकान कसं चाललंय विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. त्या इतक्या मोकळ्या, इतक्या गमतीदार बोलत होत्या की मला रडू येत होतं. बिळीकेरे आलं. बस थांबली तशा त्या गप्प झाल्या आणि भिंतीशी बसतात तशा नुसत्या हसत राहिल्या. बस सुटली, पुन्हा बोलायला लागल्या. सांग, आता सांग, असं मी स्वतःला बजावत होतो आणि तंबाखूच्या भावाबद्दल बोलत होतो. सबंध रस्ताभर मला वेळ मिळाला. चांगला तासभर.

हुणसूर आलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. माणसं उतरायला लागली. तेव्हा कुठं माझी जीभ सुटली. मी मामींच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मामी, माझं चुकलं. तुमची गाडी मी गप्प केली."

मामी माझ्या ओठांकडं बघत होत्या. हसल्या आणि म्हणाल्या, होय होय, घरी ये एकदा कॉफीला.

मेष्ट्रुंनी मात्र ऐकलं होतं. पिशवी खांद्याला लावत ते थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "परतीच्या वाटेत सांगतो तिला."

ती दोघं कॉफी घेऊन त्याच बसमध्ये त्याच सीटवर जाऊन बसली. माझं जीपचं काम राहिलंच होतं, पण मी तिथंच स्टँडवर उभा होतो. इंजिन सुरू झालं. काचा थडथडायला लागल्या. मेष्ट्रु मामींच्या बाजूला झुकून काहीतरी बोलले. मामी ऐकत राहिल्या. मग त्यांनी झटकन मान वळवली आणि खिडकीतून हात बाहेर काढून स्टँडवरच्या माणसांत मला शोधायला लागल्या. मी कॉफीच्या टपरीमागं सरकलो आणि बस जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.